सुंता झाली म्हणून निर्धास्त?

लिंगाचा कर्करोग म्हटले की "तो आपल्या लोकांना होत नाही" हे उत्तर नेरळ-कर्जतपासून खोपोली-खालापूरपर्यंत आपल्या घरांत तयार असते. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही.

मुंबईच्या पेमास्टर आणि गंगाधरन यांनी १९६७ साली भारतातील या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मुस्लिम रुग्ण फारच थोडे होते. पुढे १९८७ पासून बार्शी भागात खेड्यापाड्यांतील कर्करोगांची नोंद होऊ लागली. तिथे या आजाराचे प्रमाण मुंबईपेक्षा जास्त दिसले. लहानपणी सुंता झाली की कातडी आवळण्याचा, तिच्याखाली मळ साचून सतत सूज राहण्याचा प्रश्नच उरत नाही. मोठेपणी केलेल्या सुंतेने मात्र एवढे संरक्षण मिळत नाही.

पण या आजाराला दुसरीही वाट आहे, विषाणूची. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठीत सापडतो, त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार जास्त. सुंतेमुळे त्याची लागण कमी होते, थांबत नाही. शिवाय तंबाखू आहेच. विडी ओढणाऱ्याला तोंडाची भीती घालतात, या जागेचे कोणी बोलत नाही.

जखमेचा तुकडा तपासताना डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली कधी चमत्कारिक पेशी दिसतात. मधले केंद्रक मनुकेसारखे सुरकुतलेले आणि भोवती रिकामी पांढरी जागा. १९५६ साली कॉस आणि डर्फी यांनी या पेशीला 'कॉइलोसाइट' नाव दिले, म्हणजे पोकळ पेशी. रिपोर्टात हा शब्द आला तर विषाणूने तिथे घर केले असावे, एवढेच समजायचे. नुसत्या या पेशी म्हणजे कर्करोग नव्हे.

मग रुग्णाचे पुढे काय होणार, हे त्यांवरून कळते का? थोडेफारच. चामखिळीसारख्या वाढणाऱ्या एका प्रकारात या पेशी भरपूर असतात आणि तो तुलनेने सौम्य असतो. 'बेसलॉइड' प्रकारही विषाणूचाच, पण त्यात त्या कमी दिसतात आणि तो आक्रमक असतो. म्हणून आता 'पी-१६' नावाची वेगळी तपासणी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून विषाणूशी संबंधित आणि संबंध नसलेला असे दोन गटच केले आहेत. पी-१६ आढळलेले रुग्ण जास्त काळ जगतात, असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे.

तरीही सगळ्यांत मोठा प्रश्न एकच: आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला का? आणि इथेच आपली शरम आडवी येते. पाकी आणि इस्तिंजाचे मसले आपण मुलांना न लाजता शिकवतो, पण त्याच जागी फोड आला की मेडिकलमधून मलम आणून महिनोन्महिने लपवतो. बायकोलाही सांगत नाही.

तीन आठवड्यांत न भरणारी जखम, वाढणारा चामखीळ, लाल किंवा पांढरा चट्टा, रक्त किंवा दुर्गंधी, यांपैकी काहीही असेल तर सर्जनला दाखवा आणि तुकडा तपासून घ्या. सुरुवात कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. टाटा स्मारकाचे खारघरचे केंद्र तर आपल्याच जिल्ह्यात आहे. आजार लवकर सापडला तर बहुतेक वेळा लहान शस्त्रक्रियेवर भागते आणि अवयव वाचतो.

रिपोर्टात एचपीव्ही आला तर घरात भांडण नको. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षे गुपचूप राहतो, त्यामुळे तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगता येत नाही. बायकोने मात्र गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी, कारण तिथला कर्करोगही हाच विषाणू करतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही लस २०२३ मध्ये आली. ती नऊ वर्षांपुढच्या मुलींना आणि मुलांनाही देता येते.