शिवाजी पार्क आणि परवाना

मैदान जर सर्वांचं, तर परवाना कशाला, असं पुष्कळजण विचारतात. सर्वांचं आहे म्हणूनच! एकानं मांडव ठोकला की बाकीच्यांचा हक्क तेवढे दिवस बुडतो.

दादरचं शिवाजी पार्क घ्या. १९२५ साली ते लोकांना खुलं झालं. संध्याकाळी फेरफटका मारायला कुणाचा कागद लागत नाही. व्यासपीठ उभारायचं तर मात्र महापालिकेकडे अर्ज हवा. ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी निराळी. २०१० साली उच्च न्यायालयाने हा भाग शांतता क्षेत्र मानण्याचा आदेश दिला. पुढे २०१६ च्या शासननिर्णयाने खेळाखेरीज इतर कार्यक्रमांना वर्षातले ४५ दिवस दिले. म्हणजे उरलेले ३२० दिवस खेळणाऱ्या पोरांचे, हे आपण सोयीनं विसरतो.

२०२२ च्या दसऱ्याला शिवसेनेच्या दोन्ही गटांनी याच मैदानासाठी अर्ज केले. कायदा-सुव्यवस्थेचं कारण सांगून पालिकेनं दोघांनाही नकार दिला. उच्च न्यायालयाला ते पटलं नाही. ठाकरे गटाला परवानगी मिळाली. पण त्यांच्याकडून गडबड झाली, तर पुढच्या वेळच्या अर्जाला ती नडेल, हेही न्यायालयाने बजावलं.