गळतं म्हणून पाणी तोडू नका

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन सुरू झालं की दरवर्षी एक गोष्ट दिसते. दोन-चार बाया पहिला आठवडा येतात आणि मग दिसेनाशा होतात. विचारलं तर म्हणतात, गुडघे दुखतात. जवळ बसून, हळू आवाजात विचारलं की खरं बाहेर येतं : खोकला आला, शिंक आली, हसू आलं की लघवीचे थेंब सुटतात. काहींना लघवी लागली की मोरीपर्यंत जाईस्तोवर धरवत नाही. अंगावर पांढरी साडी, बैठक दोन तासांची. डाग पडला तर? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आणि ज्या येतात त्यांतल्या कितीतरी जणींनी सकाळपासून घोटभर पाणी घेतलेलं नसतं.

पाणी कमी प्यायलं की लघवी कमी होईल आणि गळणार नाही, असा हा हिशेब आहे. वरवर बरोबर वाटतो, पण शरीर तसं चालत नाही.

आपण पाणी पिवो न पिवो, मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळून बाहेर टाकतच राहतात. त्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर लघवी तयार व्हावीच लागते. पाणी कमी मिळालं की तीच घाण थोड्या पाण्यात येते. लघवी गडद पिवळी, उग्र वासाची होते आणि लघवीच्या पिशवीला आतून झोंबते. झोंबली की पिशवी भरायच्या आधीच आवळते, आणि दोन चमचे लघवी असली तरी ‘आत्ताच जायला हवं’ अशी घाई होते. म्हणजे ज्या गळण्याच्या भीतीने पाणी सोडलं, तेच गळणं वाढतं. वास जास्त, कातडीची आग जास्त, जांघेत लाल चट्टे. शिवाय मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण चारशे-पाचशे मिलिलिटर लघवी मावते, पण तिला कायम अर्धवट भरूनच रिकामं करायची सवय लावली की ती तेवढ्यावरच कुरकुरायला लागते.

दुसरं म्हणजे बद्धकोष्ठ. पाणी नाही म्हणून शौचाला खडा होतो. मागचं आतडं भरलेलं राहिलं की ते पुढच्या पिशवीवर दाबतं. संडासात बसून कुंथत राहिलं की खालचे स्नायू आणखी सैल पडतात. ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांना तर हे फार जाचतं. तिसरं म्हणजे जंतू. भरपूर लघवी झाली की आतले जंतू धुऊन निघतात. पाणी तोडलं की ते मुक्काम करतात. आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी पीत बसतो, पण जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वरच्या बाजूला दुखलं, तर तो जंतूंचा त्रास वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. तिथे घरगुती उपाय नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुतखडाही कमी पाणी पिणाऱ्यांना जास्त होतो.

मग प्यायचं किती? नेहमीच्या स्टीलच्या पेल्याने दिवसाला सात-आठ पेले, म्हणजे दीड ते दोन लिटर. यात ताक, पातळ आमटी, पेज सगळं धरा. उन्हात बिगारीकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाला याहून जास्त लागतं. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पुरेसं आहे. पण एका दमात तांब्याभर पाणी रिचवू नका. पिशवी एकदम भरते आणि मग गळतंच. दर तास-दीड तासाने अर्धा-पाऊण पेला घ्यावा. जास्तीत जास्त पाणी सकाळ ते संध्याकाळमध्ये संपवायचं आणि झोपायच्या आधीचे दोन तास फक्त घोटभर. रात्री तीन-तीनदा उठणाऱ्यांनी एवढं केलं तरी फरक पडतो. संध्याकाळी पाय सुजत असतील तर दुपारनंतर तासभर पाय उशीवर ठेवून पडावं. पायातलं पाणी झोपायच्या आधीच उतरून लघवीवाटे निघून जातं. पायांची ही सूज डॉक्टरला मात्र दाखवून घ्या.

चहा पाण्यात धरू नका. वस्तीत पाणी नाकारलं जातं, चहा नाही. कोणाच्या घरी गेलं की अर्धा कप, कामावर दोनदा, परत आल्यावर एकदा. चहा-कॉफीमुळे पिशवी चाळवते. बंद करा म्हणणार नाही, कारण कोणी ऐकणार नाही. दोन कपांवर या आणि संध्याकाळी पाचनंतरचा सोडा. मिश्री आणि तंबाखूही कमी करा, विडी ओढणाऱ्याचा खोकला तर प्रत्येक वेळी खालच्या स्नायूंना धक्का देतो.

एक इशारा इथेच देते. ज्यांचं हृदय कमजोर आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, डायलिसिस चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून पाणी वाढवू नये. त्यांना डॉक्टरने जेवढं सांगितलं तेवढंच. बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती मनाने थांबवू नका. ती किती वाजता घ्यावी एवढं डॉक्टरला विचारा, बहुतेकदा सकाळी घेता येते.

पाण्याबरोबर एक व्यायाम. पैसा लागत नाही, जागा लागत नाही. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण खालचा भाग जसा आवळून धरतो, तोच भाग आत-वर ओढायचा. पोट, मांड्या सैल, श्वास चालू. पाच आकडे म्हणेपर्यंत धरा, पाच आकडे सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लोकलमध्ये बसून, भाजी निवडताना, कुणाला कळतही नाही. लघवी करताना मध्येच धार अडवून हा व्यायाम करू नये. तीन महिने रोज केला तर गुण कळतो, आठ दिवसांत सोडला तर काही नाही. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग खोका. आणि घाईची लघवी लागली की धावत सुटू नका. जागच्या जागी थांबा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरू द्या, मग चालत जा.

हे सगळं सांगताना मला माहीत आहे की पाणी प्यायला सांगणं सोपं आहे, जायचं कुठे हा प्रश्न आहे. सार्वजनिक शौचालय वस्तीच्या टोकाला, दिवा फुटलेला, कडी तुटलेली, रात्री वाटेत पोरं बसलेली. २०११ च्या सुमारास मुंबईत महिला संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली ती यासाठीच. पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला त्याच कामासाठी पैसे, हा त्यांचा साधा सवाल होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. ते हक्काचं पाणी आपल्या बायका आज संडास नाही म्हणून पीत नाहीत, ही मला तब्येतीची नाही, नगरपालिकेची गोष्ट वाटते. महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना त्यात दिवा, कडी, पाणी आणि बायकांकडून घेतले जाणारे पैसे हे चारही मुद्दे लिहावेत. तोवर आपल्या हातातलं करू. वाचनाच्या बैठकीत तासाभराने दहा मिनिटांची सुट्टी ठेवा आणि विहाराच्या संडासाची किल्ली एखाद्या बाईकडे असू द्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येताना नागपूर-नांदेडहून कोरड्या घशाने प्रवास करू नका. घडी घातलेला सुती कपडा, एक जास्तीचं परकर आणि प्लास्टिकची पिशवी जवळ असली की धीर येतो.

आता अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांबद्दल. घरात नळ अर्धा तास येतो, धुणं तीनदा निघतं, सून कामावरून थकून आलेली. मग ‘आजीला पाणी कमीच द्या, सारखं ओलं करते’ असं ठरतं. दुष्टपणा म्हणून नाही, नाइलाज म्हणून. पण म्हातारपणी तहान तशीही कमी लागते, आणि पाणी तुटलं की माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं, उठताना चक्कर येऊन पडतं, पाठीला जखमा होतात. लोक म्हणतात डोकं फिरलं. अशा वेळी जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आहे का ते बघा आणि लगेच दवाखान्यात न्या. रोजचं पाणी वाटीने, थोडंथोडं द्या. पण आडवं असताना कधीही नाही, टेकवून बसवूनच. दर दोन-तीन तासांनी न विचारता भांडं द्या. ओलं लागलं की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा आणि थोडं खोबरेल लावा.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात एक प्रसंग आहे. हगवणीने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो, कोणी जवळ जात नाही. भगवंत आनंदाला पाणी आणायला सांगतात, स्वतः पाणी ओततात, दोघं मिळून त्याला धुतात आणि उचलून बिछान्यावर ठेवतात. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला हेच काम शिकवलं होतं, फक्त हा प्रसंग तिथे कोणी सांगितला नाही. घरात हे काम एकट्या सुनेवर टाकलं जातं. मुलाचे हातही धुतात.

पुरुषांनो, तुमच्यासाठी वेगळं. पन्नाशीनंतर धार बारीक होणं, थेंबथेंब गळत राहणं, पिशवी रिकामी झाली असं न वाटणं, यामागे बहुतेकदा प्रोस्टेटची वाढ असते. पाणी कमी करून ती जात नाही. लघवी पूर्ण बंद झाली, ओटीपोट फुगलं तर तासाचाही उशीर नको. लघवीत रक्त दिसलं, किंवा गळण्याबरोबर पायात ताकद नाही, खालचा भाग बधिर झाला, तर बाई असो की पुरुष, ताबडतोब मोठा दवाखाना.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना ‘अशक्तपणा’ सांगू नका. ‘लघवी गळते’ असंच सांगा. बायकांनी स्त्रीरोग विभागात जावं. लघवीची आणि शुगरची तपासणी मागावी, कारण सारखी लघवी होण्यामागे मधुमेहही असतो. जाण्याआधी तीन दिवस कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा : किती पेले पाणी आणि चहा प्यायला, किती वेळा लघवीला गेला, कधी आणि काय करताना गळलं. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, रेघा मारायच्या. तो कागद डॉक्टरच्या टेबलावर ठेवा.