गेम खेळताना डोळ्यांत पाणी येतं का?



माझा १९ वर्षांचा मुलगा सुट्टीला घरी आला होता. रात्री जेवायला हाक मारायला गेलो, तर हातात कंट्रोलर धरून गप्प बसलेला, डोळे ओले. "अरे, मारामारीचाच गेम ना हा?" म्हणून मी हसलो. तो न जेवताच झोपला.

चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडूनच समजून घेतलं. 'द लास्ट ऑफ अस' हा २०१३ सालचा गेम. सुरुवातीला खेळणारा सारा नावाची मुलगी होऊन रात्री घरभर वडिलांना शोधतो. मग तो तिचा बाप होतो. पाय मोडलेल्या लेकीला उचलून पळतो आणि तिला एका सैनिकाची गोळी लागते. सिनेमात आपण नुसतं बघतो. इथे तिला वाचवायची धडपड आपल्याच बोटांनी केलेली असते. म्हणून ते मनाला लागतं.

दर वेळी हे जमतंच असं नाही. २०१४च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर'मध्ये मित्राच्या शवपेटीपुढे पडद्यावर सूचना येते: श्रद्धांजलीसाठी एफ दाबा. खेळणाऱ्यांना हसूच आलं! आजही मुलं चॅटवर गमतीनं नुसतं 'एफ' लिहितात. तिथे बटण दाबण्यापलीकडे करण्यासारखं काही नव्हतं.

हे दोन्ही गेम इथे ब्रिटनमध्ये १८ वर्षांपुढच्यांसाठीच आहेत, तेवढं बघा. पण घरातलं कुणी खेळून असं गप्प झालं, तर माझ्यासारखं हसू नका. शेजारी बसा आणि विचारा, "काय झालं गोष्टीत?"