जुन्या सायकलला रुंद टायर

१९७०च्या दशकातल्या बऱ्याच पोलादी रेसिंग सायकलींच्या फ्रेममध्ये रुंद टायर मावत नाही. खडबडीत रस्त्यावर मात्र तोच सुखाचा. यावर चांगला उपाय म्हणजे ७००सी चाकांऐवजी ६५०बी चाके बसवणे. टायर रिमवर बसतो तिथला व्यास ६२२ऐवजी ५८४ मिलिमीटर होतो. त्यामुळे ४२ मिलिमीटरचा टायर लावला, तरी चाकाची एकूण उंची ७००सीवरच्या २५ मिलिमीटरच्या टायरइतकीच, जवळपास, राहते. रिम मात्र १९ मिलिमीटर आत सरकते, म्हणून जास्त लांब हातांचे ब्रेक लागतात. टायरच्या दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल, तर मागच्या चाकालगतच्या आडव्या नळ्या कुशल कारागिराकडून किंचित दाबून घ्याव्यात, तेही फक्त पोलादी फ्रेमच्या. ॲल्युमिनियम किंवा कार्बनची फ्रेम कधीही दाबू नये. तिला तडा गेला, तर जिवावर बेतेल.