‘इझी राईड’ म्हणजे नेमकं काय? उन्हाळ्यातल्या मुरमाच्या वाटा आणि आपली लेव्हल

(हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘अं...’, ‘म्हणजे कसं आहे ना’ काढलेत, बाकी बरंचसं जसंच्या तसं ठेवलंय. लोकलमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.)

[००:००]

आज एमटीबीबद्दल बोलू. माउंटन बाईक, आणि तीही ऐन उन्हाळ्यातल्या कोरड्या, धुळीच्या वाटांवर. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो, कारण हा भाग त्या चुकीमुळेच होतोय.

मागच्या एप्रिलमध्ये मी एक रूट आखला. डोंबिवलीहून श्रीमलंगच्या बाजूला, थोडा डांबरी, थोडा कच्चा. ॲपवर आकडा आला २४ किलोमीटर. चढही फार नाही. ग्रुपवर टाकलं, ‘इझी राईड, कुणीही या’. माझा मावसभाऊ ठाण्याला राहतो. नवीकोरी एमटीबी, आणि अनुभव म्हणजे रोज सकाळी येऊरचा डांबरी चढ. तो म्हणाला, “दादा, मी येऊ ना?” मी म्हटलं, “अरे ये की, २४ तर आहे.”

चढ त्याने मस्त मारला, माझ्या पुढे होता. परतीला एक छोटा उतार होता, शंभर-सव्वाशे मीटरचा, सगळा सुटा मुरूम. तो घाबरला, पुढचा ब्रेक करकचून दाबला, पुढचं चाक सटकलं, आणि पडताना त्याने हात टेकला. कॉलरबोन फ्रॅक्चर. फोनला रेंज नव्हती. एका टेम्पोवाल्या काकांनी आम्हाला मुख्य रस्त्यापर्यंत सोडलं. मावशीला फोन करताना मला काय वाटलं, ते राहू दे.

घरी येऊन मी विचार करत बसलो. मी त्याला खोटं सांगितलं होतं का? नाही, २४ किलोमीटरच होतं. पण मी चुकीचा आकडा सांगितला होता.

[०२:४०] लेव्हल कशावर ठरते?

अमेरिकेत इम्बा नावाची संस्था आहे, माउंटन बायकर्सची. १९८८ साली सुरू झाली. त्यांनी वाटांना ग्रेड द्यायची पद्धत बसवली, स्कीइंगच्या उतारांना असतात तशी चिन्हं घेऊन. हिरवा गोल म्हणजे सोपी, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड, आणि दोन काळे हिरे म्हणजे भाऊ, तू परत जा. हिरव्याच्याही खाली एक पांढरा गोल आहे, अगदी पक्क्या, रुंद वाटेसाठी.

ग्रेड देताना ते पाच गोष्टी बघतात. वाट किती रुंद, जमीन कशी, सरासरी उतार किती, जास्तीत जास्त उतार किती, आणि मध्ये दगड, मुळं, पायऱ्या असे अडथळे किती उंच.

आकडे ऐका. हिरव्या वाटेवर साधारण ९० सेंटीमीटर रुंदी, सरासरी उतार ५ टक्क्यांच्या आत, आणि टाळता न येणारा अडथळा जेमतेम ५ सेंटीमीटर. निळ्यावर रुंदी ६० सेंटीमीटर, उतार १० टक्क्यांपर्यंत, अडथळा २० सेंटीमीटरपर्यंत. काळ्यावर रुंदी फक्त ३० सेंटीमीटर, उतार १५ टक्क्यांपर्यंत, आणि अडथळा ३८ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तुमच्या गुडघ्याला येईल इतका. (५ टक्के उतार म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर खाली.)

आता या यादीत काय नाही ते बघा. अंतर नाही! किलोमीटर कुठेच नाहीत.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे युटा राज्यातलं मोआब. खरंखुरं वाळवंट, आणि माउंटन बायकर्सची पंढरी. तिथे व्हाइट रिम नावाचा रस्ता आहे, जवळपास १६० किलोमीटर. काही खडे चढ सोडले तर चालवायला तांत्रिकदृष्ट्या फार अवघड नाही. त्याची परीक्षा वेगळी आहे, वाटेत प्यायचं पाणीच मिळत नाही. आणि तिथेच स्लिकरॉक ट्रेल आहे. १९६९ साली मोटरसायकलवाल्यांसाठी आखलेला, अंतर साधारण १६ किलोमीटर. म्हणजे दहापट छोटा, आणि कितीतरी पट अवघड. नवख्याने ‘१६ तर आहे’ म्हणून शिरला, की संपलं.

मी मावसभावाला नेमकं हेच केलं.

[०५:३०] आपल्याकडची जमीन: कॅरम बोर्ड आणि पावडर

स्लिकरॉकचा दगड वाळूचा खडक आहे. नाव ‘निसरडा’, कारण घोड्याच्या लोखंडी नालांना तो निसरडा होता. रबरी टायर मात्र त्यावर कोरडा असताना घट्ट धरतो. आपल्याकडे उलटं आहे. आपला सह्याद्री बेसाल्टचा. बेसाल्ट झिजून मुरूम होतो. पावसाळ्यात तो ओला, नंतर घट्ट बसलेला, आणि मार्चनंतर वरचा थर सुटतो. खाली कडक जमीन, वर बारीक खडे आणि धूळ.

कॅरम आठवा. बोर्ड कडक, वर पावडर. स्ट्रायकर कसा सुळकन जातो? तुमचं पुढचं चाक तो स्ट्रायकर आहे.

म्हणून आपल्या भागात वाटेचा रंग महिन्याप्रमाणे बदलतो. मलंगगडाच्या पायथ्याकडच्या गावांमधले शेतरस्ते घ्या. भातकापणीनंतर, डिसेंबर-जानेवारीत ट्रॅक्टर आणि बैलगाडीने दाबलेली ती वाट पक्की हिरवी. तीच वाट एप्रिलमध्ये निळी. जूनमध्ये चिखल, टायर भरून चाकच फिरत नाही. मित्राने जानेवारीत टाकलेला व्हिडिओ बघून तुम्ही एप्रिलमध्ये गेलात, तर ती वेगळीच वाट आहे.

[०७:१५] तुम्ही कुठे बसता?

नवखे असाल, तर पहिले दोन महिने सपाट शेतरस्ते. शेताच्या बांधावर सायकल घालायची नाही, आणि कुणाच्या जमिनीतून जात असाल तर आधी विचारायचं. ‘दादा, इथून गेलो तर चालेल का?’ एवढं बहुतेक वेळा पुरतं.

ठाणेकरांनो, येऊर तुमच्या दमासाठी आणि ब्रेकच्या सरावासाठी झकास आहे. पण येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे. डांबरी सोडून जंगलवाटांवर वनविभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही. आणि रोज येऊर चढता म्हणजे ऑफरोड जमेल, असंही नाही. तिथे दम तयार होतो, मुरमावर चाक सांभाळायचा हात तयार होत नाही.

जरा सरावलात, की छोट्या टेकड्या. डोंबिवलीची उंबार्ली टेकडी, बदलापूरजवळ कोंडेश्वरच्या आसपासच्या कच्च्या वाटा. उंबार्लीला निसर्गप्रेमी मंडळी झाडं लावतात, जगवतात, म्हणून मळलेल्या वाटेवरच राहायचं. मोआबलाही हाच नियम आहे. तिथल्या मातीवर सूक्ष्म जीवांचा जिवंत थर असतो. एकदा टायर गेला, की तो भरून यायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि काळा हिरा? मलंगगड, तावली, चंदेरी या रांगेतल्या डोंगरवाटा बहुतेक ट्रेकर्सच्या पायवाटा आहेत. कातळ, पायऱ्या, बाजूला दरी. तिथे सायकल खांद्यावर घेऊन चालायची तयारी असेल तरच जायचं. उतरून चालण्यात कमीपणा नाही. चांगले रायडर्स सगळ्यात आधी हेच शिकतात.

[०९:२०] मुरमावर उतरायचं कसं?

एक. सीट दोन इंच खाली करा. क्विक रिलीज असेल तर दहा सेकंदांचं काम आहे.

दोन. उतारावर सीटवर बसू नका. दोन्ही पेडल सारख्या उंचीवर ठेवून उभे राहा. गुडघे आणि कोपरं थोडी वाकलेली, टाचा खाली, पार्श्वभाग जरा मागे.

तीन. नजर चाकासमोर नको, चार-पाच मीटर पुढे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात चाक मोकळं फिरू द्या. डांबरावर थांबायची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकची असते, म्हणून आपल्याला तोच दाबायची सवय. मुरमावर पुढचं चाक लॉक झालं की स्टिअरिंग गेलं. एका बोटाने, हळूहळू दाबा, मागच्याच्या जोडीने. सरावासाठी मोकळं मैदान घ्या, चुन्याने रेघ मारा. आधी फक्त मागचा, मग दोन्ही, आणि कुठे थांबता ते मोजा. आम्ही आता प्रत्येक नव्या माणसाकडून हे करून घेतो.

पाच. हवा. दुकानदार टायर दगडासारखा भरून देतो. कडक टायर खड्यांवर उड्या मारतो. साधारण सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या रुंद टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास ठीक. त्याहून फार खाली गेलात, तर दगडावर आपटून ट्यूब चिमटते.

कोरड्या ओढ्याच्या पात्रातली वाळू आली, तर हलका गिअर, वजन मागे, पेडल चालू. हँडल वळवायला गेलात की रुतलात.

[११:३०] पाणी, काटे, साप

एप्रिलमध्ये कल्याण-बदलापूर पट्ट्यात पारा ४० च्या वर जातो. पहाटे निघा, नऊच्या आत घरी. तासाला किमान अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सोबत ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, घाम थांबला, तर राईड तिथेच बंद. सावलीत बसा, अंगावर पाणी ओता, मदत बोलवा.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या वाळवंटी भागात सायकलवाले ज्या काट्याला शिव्या घालतात, तो आपला सराटा, म्हणजेच गोखरू. इथून तिथवर तीच वनस्पती! आपल्याकडे वर बाभूळही आहे. ट्यूबमध्ये सीलंट भरा, आणि तरीही पंक्चर किट ठेवा.

दगडांच्या ढिगावर न बघता बसू नका, फुरसं तिथेच असतं. चावलं तर बांधाबांध, कापाकापी नाही. हालचाल कमी, आणि थेट सरकारी रुग्णालय. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ फिरवा. डोंगराआड रेंज जाते, त्यामुळे एकट्याने जाऊ नका, आणि कुठून जाणार ते घरी सांगून निघा.

[१३:१०] शेवटी

आता मी ग्रुपवर मेसेज टाकतो तेव्हा अंतर सगळ्यात शेवटी येतं. आधी लिहितो: वाट किती रुंद, जमीन कशी, आणि ती या महिन्यात मी स्वतः बघितली आहे का, सगळ्यात खडा उतार किती, अडथळे किती उंच, रेंज आहे का. आणि ‘कुणीही या’ हे वाक्य कायमचं काढून टाकलंय.

मावसभाऊ तीन महिन्यांनी पुन्हा सायकलवर बसला. दिवाळीनंतर आम्ही त्याच वाटेने गेलो. त्या उताराच्या तोंडाशी तो थांबला, सीट खाली केली, जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, आज चालतच उतरतो.” मीही उतरलो. दोघं चालत खाली आलो.

तुमच्या गावाजवळ अशी एखादी वाट असेल, तर तिचा या महिन्यातला रंग आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात वाजवू. तोपर्यंत हेल्मेट घाला, सावकाश उतरा. भेटू!