‘पडीक’ हा शब्द कोणाचा? : इंग्लंडमधील फेन प्रदेशाचा निचरा आणि एका माशाचे गाऱ्हाणे

इंग्लंडच्या ग्रामीण इतिहासाची चर्चा करताना सामाईक जमिनींना कुंपणे घालण्याच्या प्रक्रियेचा उल्लेख बहुधा होतोच. तिच्याशी निकटचे नाते असलेले, परंतु आपल्याकडील साहित्याभ्यासकांच्या फारशा परिचयाचे नसलेले एक प्रकरण म्हणजे पूर्व इंग्लंडमधील फेन या पाणथळ प्रदेशाचा सतराव्या शतकात झालेला निचरा. त्याच्या आर्थिक व राजकीय बाजूंचा विचार इतिहासकारांनी केला आहे. साहित्याच्या अभ्यासकापुढे मात्र त्यातून एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. भूमीचे वर्णन करण्याचा अधिकार कोणाचा, आणि ज्यांचे वर्णन नाकारले गेले त्यांचा शब्द आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो?

वॉश या आखाताभोवती लिंकनशर, केंब्रिजशर, हंटिंग्डनशर व नॉरफक या परगण्यांत हा सखल प्रदेश पसरला आहे. विदम, वेलंड, नेन आणि ग्रेट ऊझ या नद्या त्यातून समुद्राला मिळतात. समुद्राजवळ गाळाची जमीन, तर आत पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेली काळी, भुसभुशीत भूमी. हिवाळ्यात येथे दूरवर पाणी पसरे. ते ओसरले की त्याच जागी उन्हाळ्यात भरघोस कुरण उगवे. ईलीसारखी गावे उंचवट्यांवर बेटांप्रमाणे वसलेली असत. वाम व इतर मासे, रानबदके, छपरे शाकारण्यासाठी बोरू व लव्हाळी, जळणासाठी पीट, गुरांसाठी चारा या सर्वांवर लोकांचा निर्वाह चाले. कोणी किती गुरे सोडावीत, बोरू केव्हा कापावा, यांविषयी रूढीने ठरलेले नियम होते. तात्पर्य, ही भूमी बेवारस नव्हती. ती अनेकांची होती, एवढेच.

बाहेरून पाहणाऱ्यांस ती तशी दिसली नाही. विल्यम कॅम्डेनने आपल्या ‘ब्रिटानिया’ (१५८६) या ग्रंथात फेनवासी हे असंस्कृत, इतरांचा हेवा करणारे आणि पायांना उंच काठ्या बांधून चालणारे लोक असल्याचे वर्णन केले. सरकारी भाषेत या भूमीला जो शब्द लावला जाई, त्यासाठी मराठीत ‘पडीक’ हा शब्द सहज सुचतो. परंतु येथेच अनुवादकाने थबकावयास हवे. पडीक जमीन ही लागवडीयोग्य असून नांगराविना राहिलेली असते. फेनची भूमी नांगराची वाट पाहत नव्हती. दुसऱ्या बाजूने, तेथील सामाईक भूमीस ‘गायरान’ म्हणावे तर त्या शब्दात चरणारी गुरे येतात, पण मासे, बोरू आणि जळण वगळले जाते. शब्दाची ही अडचण केवळ अनुवादाची नाही. एकदा भूमी ‘पडीक’ ठरली की तिच्यावर जगणारा माणूस अडथळा ठरतो.

घटनाक्रम थोडक्यात असा. १६०० च्या कायद्याने निचऱ्याच्या मोठ्या योजनांचा मार्ग मोकळा झाला. १६२६ मध्ये पहिल्या चार्ल्सने डच अभियंता कॉर्नेलियस व्हर्मायडन याच्याशी उत्तरेकडील ॲक्सहोमच्या निचऱ्याचा करार केला. निचरा झालेल्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा राजाचा, एक तृतीयांश व्हर्मायडनचा आणि उरलेला सामाईक हक्कदारांचा, अशी ती वाटणी होती. १६३१ मध्ये बेडफर्डचा चौथा अर्ल आणि त्याचे तेरा भागीदार यांनी दक्षिण फेनचे काम पत्करले. अर्लला ९५,००० एकर जमीन मिळावयाची होती. भांडवल घालणाऱ्या या मंडळींना त्या काळी ‘साहसी’ असे नाव होते. त्यांनी २१ मैल लांबीचा सरळ कालवा खणविला. फेनवासीयांनी अनेक ठिकाणी बांध फोडले, चर बुजविले, मजुरांवर हल्ले केले. पुढे यादवी युद्ध झाले आणि जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. तथापि त्याच वर्षीच्या मे महिन्यात नव्या पार्लमेंटने निचऱ्याचा कायदा संमत केला आणि पाचव्या अर्लकडे काम सोपविले. डनबारच्या लढाईत (१६५०) पकडलेले स्कॉटिश कैदी या खोदकामावर लावण्यात आले. ज्या एका बाबतीत राजा आणि राजघातक यांचे एकमत झाले ती ही होय, असे म्हणणे वावगे ठरू नये.

या साऱ्याचे पडसाद साहित्यात उमटले. बेन जॉन्सनच्या १६१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘द डेव्हिल इज ॲन ॲस’ या नाटकात एका भोळ्या सद्गृहस्थाला ‘बुडीत भूमी’च्या ड्यूकपदाची लालूच दाखविण्यात येते. हा लंडनचा उपहास झाला. फेनचा स्वतःचा स्वर ऐकावयाचा तर ‘द पाउट्स कम्प्लेन्ट’ या गीताकडे वळावे लागते. जेम्स राजाच्या कारकीर्दीतील निचरा-योजनांच्या संदर्भात ते रचले गेले. पाउट नावाचा मासा पाण्यातील आपल्या भावंडांना एकत्र येण्याची हाक देतो, आणि नव्या बांधांचा नाश व्हावा म्हणून जुन्या पुराला व समुद्रदेवतेला साकडे घालतो. गाऱ्हाणे माशाचे, परंतु हक्क माणसांचा, हे श्रोत्यांना सांगावे लागले नसेल.

हे गीत आज सर्वश्रुत आहे ते मुख्यतः विल्यम डगडेल याच्या १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बांध व निचरा यांच्या इतिहासावरील ग्रंथामुळे. हा ग्रंथ निचऱ्याच्या पुरस्कर्त्यांच्या प्रेरणेने लिहिला गेला. कामाची बदनामी करणारे गीत म्हणून डगडेलने ते उद्धृत केले, परंतु उद्धृत केले ते संपूर्ण. विरोधकाचे खंडन करावयास निघालेल्या ग्रंथानेच त्याचा शब्द जतन केला.

पुढे निसर्गानेही आपले उत्तर दिले. पाणी काढल्यावर पीट आकसले, सुकून झिजले आणि जमीन नद्यांच्या पातळीखाली गेली. मग पवनचक्क्या आल्या, एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे आली. व्हिट्लसी मिअर हे सरोवर १८५१ मध्ये कोरडे केल्यावर तेथील होम या ठिकाणी जमिनीत एक लोखंडी खांब पुरण्यात आला. त्याचा माथा तेव्हा जमिनीशी समतल होता. आज तो सुमारे चार मीटर वर दिसतो. मात्र जुन्या जीवनाचे गुणगान करण्याचा मोह टाळावयास हवा. तेथे हिवताप ठाण मांडून होता, आणि निचऱ्याने मिळालेली शेती इंग्लंडमधील सर्वांत सुपीक शेतीपैकी एक ठरली, हेही सत्यच आहे. प्रश्न सुपीकतेचा नाही. निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या शब्दाच्या आधाराने घेतला, हा आहे.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. ‘पडीक’ ठरविण्याची हीच परिभाषा इंग्रजी राजवटीबरोबर येथे आली. आसाममध्ये १८३८ मध्ये पडीक जमिनींविषयीचे नियम करून चहामळ्यांसाठी मोठाली क्षेत्रे देण्यात आली. आपण लोकगीतांचा शोध घेतो तो लोकांच्या कंठात, आणि ते योग्यच आहे. परंतु पाउटच्या गाऱ्हाण्यावरून असे दिसते की, महसुली टिपणे, खटल्यांचे कागद आणि प्रतिपक्षाचे ग्रंथ यांतही तो स्वर दडलेला असू शकतो. तेथे तो निषेधार्ह म्हणून नोंदला गेलेला असेल. वाचकाने तो साहित्य म्हणून वाचावयाचा आहे.