‘आईचं दूध विरुद्ध फॉर्म्युला’: तुलना नक्की कोणाची कोणाशी?

३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बहुतेक बाळांना चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टी एका लयीत जमत नाहीत. मग आई दूध काढून देते आणि ते नळीने पोटात जातं. पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. पण दूध पुरेसं आलंच नाही तर? वरचं दूध कोणतं द्यायचं?

१९९० मध्ये लुकास आणि कोल यांचा पेपर ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात अपुऱ्या दिवसांची ९२६ बाळं होती. नुसत्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांमध्ये नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस (यात आतड्याचा भाग मरायला लागतो) नुसत्या मानवी दुधावरच्या बाळांपेक्षा ६ ते १० पट जास्त दिसला. झालं सिद्ध? थांबा जरा. कोणत्या आईला किती दूध येणार, हे काही चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. जी आई स्वतःच आजारी असते तिला दूध कमी येतं, आणि तिचं बाळही बरेचदा जास्त नाजूक असतं. मग फरक दुधाचा की नाजूकपणाचा?

आईचं दूध असताना ते चिठ्ठी काढून नाकारणं तर नैतिकदृष्ट्या शक्यच नाही. पण दूध कमी पडतं तेव्हा वरचं कोणतं द्यायचं, यावर चिठ्ठी काढता येते. कॅनडातल्या ‘डोमिनो’ चाचणीत (२०१६, ३६३ बाळं) तेच केलं: दात्या मातांचं दूध की फॉर्म्युला? मुख्य प्रश्न मेंदूच्या विकासाचा होता, आणि १८ महिन्यांनी फरक दिसला नाही. आतड्याचा तो आजार मात्र दात्या दुधाच्या गटात कमी होता.

माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी हे ‘आईच्या दुधाने मेंदूला फरक पडत नाही’ असं सांगून मोकळी झाले होते. गाइडने एवढंच विचारलं, ‘आईचं दूध कोणत्या गटात होतं?’ दोन्ही गटांत होतं! तुलना फक्त वरच्या दुधाची होती. शिवाय दात्यांचं दूध साधारणपणे ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. जंतू मरतात, पण चरबी पचवणारं लायपेज निकामी होतं आणि काही प्रतिपिंडंही कमी होतात. म्हणजे ते आईच्या ताज्या दुधासारखं उरत नाही. माझं ते वाक्य रात्री दोनला उठून पंप लावणाऱ्या एखाद्या आईच्या कानावर गेलं असतं तर?

मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच मानवी दुधाची बँक सुरू केली. आता अशी बँक असलेल्या वॉर्डात तुम्हाला नवी चाचणी करायची आहे समजा. फॉर्म्युल्याचा गट एथिक्स कमिटीपुढे कसा मांडाल? प्रपोजल लिहिताना इथूनच सुरुवात करा.